टायमिंग बेल्ट बदलल्यानंतरही गाडी थरथरते आणि मिसिंग करते: खरे कारण कसे शोधावे

टायमिंग बेल्ट (पिस्टन आणि व्हॉल्व्ह यांची वेळ जुळवून ठेवणारा दातेरी पट्टा) तुटला, हेड (इंजिनाचा व्हॉल्व्ह असलेला वरचा भाग) उतरवून वाकलेले व्हॉल्व्ह (हवा-इंधन आत घेणाऱ्या आणि धूर बाहेर सोडणाऱ्या झडपा) बदलले, नवा बेल्ट बसला आणि गाडी चालू झाली. तरीही सिग्नलला उभी असताना ती थरथरते, मिसिंग करते, म्हणजे एखाद्या सिलिंडरमध्ये इंधन मध्येच पेटत नाही, चढावर दम सोडते आणि स्कॅनर लावून विझवलेला चेक इंजिनचा दिवा आठ-पंधरा दिवसांनी पुन्हा लागतो. ही तक्रार घेऊन गॅरेजमध्ये परत गेले की बहुधा आधी प्लग बदलले जातात, मग कॉइल, मग इंजेक्टर साफ होतात आणि प्रत्येक वेळी गाडी काही दिवस बरी वाटते. माझ्या गाडीचे असे चार महिने गेले. शेवटी सापडलेला दोष एक नव्हता, दोन होते, आणि पहिल्याने दुसऱ्याला झाकून ठेवले होते. ज्यांची गाडी अशीच दुरुस्त होऊनही दुरुस्त झालेली नाही, त्यांना कोणती तपासणी कोणत्या क्रमाने करावी हे कळावे, म्हणून सर्व तपशिलांसह लिहीत आहे.

माझी गाडी चार सिलिंडर आणि आठ व्हॉल्व्हांच्या पेट्रोल इंजिनाची आहे आणि तिला नंतर सीएनजी किट बसवलेले आहे. ठाणे-बेलापूर रस्त्यावर घणसोलीजवळ, ताशी साठच्या आसपास वेगात असताना, कसलाही आवाज न होता इंजिन बंद पडले. कडेला घेऊन किल्ली फिरवली तेव्हा स्टार्टर नेहमीपेक्षा हलका आणि भरभर फिरला. ही खूण लक्षात ठेवण्यासारखी आहे, कारण कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) उरले नाही की स्टार्टरला अडवणारे काही राहत नाही. अशा वेळी पुन्हा पुन्हा किल्ली फिरवू नये. क्रँक (पिस्टनांना जोडलेला मुख्य दांडा) फिरत राहतो, कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) जागच्या जागी थांबलेला असतो आणि उघड्या राहिलेल्या व्हॉल्व्हवर पिस्टन आणखी आदळू शकतो.

बेल्ट सात वर्षांचा होता आणि गाडी ५८,००० किलोमीटर चालली होती. पुस्तिकेतला किलोमीटरचा आकडा गाठायला अजून अवकाश आहे, म्हणून मी निश्चिंत होते, पण त्याच ओळीत वर्षांचीही मर्यादा दिलेली असते आणि दोहोंपैकी जी आधी भरेल ती धरायची असते. आपल्याकडे तर किलोमीटर फारच फसवे ठरतात. सरासरी ताशी ६० च्या वेगाने ५८,००० किलोमीटर जायला इंजिन साधारण ९७० तास फिरते, तेच अंतर घोडबंदर रोडच्या कोंडीत सरासरी ताशी २० ने कापले तर २,९०० तास लागतात. बेल्टला रस्ता दिसत नाही, त्याच्या वाट्याला फेरे आणि उष्णता येते.

मात्र माझ्या बेल्टला केवळ वयाने मारले नव्हते. कव्हर काढल्यावर तो आतल्या बाजूने तेलकट होता, कारण कॅमशाफ्टच्या पुढच्या टोकाचे ऑइल सील पाझरत होते. पुनरावृत्ती टाळायची असेल तर पहिला प्रश्न हाच आहे: बेल्ट कशामुळे तुटला, याचे उत्तर गॅरेजने दिले आहे का? कॅम किंवा क्रँकचे सील गळणे, टेन्शनरचे (बेल्ट ताणून धरणाऱ्या चकतीचे) किंवा आयडलरचे (बेल्टला वाट देणाऱ्या चकतीचे) बेअरिंग अडकणे आणि बेल्टवरच चालणारा वॉटर पंप जाम होणे ही नेहमीची कारणे आहेत. यांतले जे असेल ते तसेच ठेवून केवळ नवा बेल्ट चढवला तर तोही त्याच वाटेने जातो. बेल्टबरोबर टेन्शनर, आयडलर, दोन्ही सील आणि बेल्टवर चालत असल्यास वॉटर पंपही बदलावा, असे माझे स्पष्ट मत आहे. एकाच खोलणीत होणाऱ्या या कामात कंजुषी करण्यासारखे काही नाही.

आता इंजिनात काय होते ते पाहू. क्रँकचे दोन फेरे होतात तेव्हा कॅमचा एक होतो आणि हे नाते तो दातेरी बेल्ट टिकवून ठेवतो. तो तुटला की कॅम थांबतो, पण चाकांच्या आणि फ्लायव्हीलच्या जोरावर क्रँक काही फेरे फिरतोच. ज्या इंजिनांत पिस्टन वर येण्याची जागा आणि उघड्या व्हॉल्व्हची जागा एकच असते, त्यांत जे व्हॉल्व्ह त्या क्षणी उघडे राहिले ते वाकतात. म्हणून सगळे वाकतातच असे नाही. माझ्या आठांपैकी तीन वाकले होते. पहिल्या गॅरेजने ते तीन बदलले, उरलेले पाच डोळ्यांनी पाहून सरळ ठरवले, सर्व व्हॉल्व्ह सीटवर (व्हॉल्व्ह मिटताना जिथे टेकतो त्या कड्यावर) घासून घेतले, हेड फेसिंग करून (त्याचा तळ सपाट करून) आणले आणि नवे गॅस्केट टाकून इंजिन बांधले.

यानंतर उरणाऱ्या दोषांची तीन घराणी मानावीत. एक म्हणजे टायमिंगच चुकीचे बसले आहे. दुसरे म्हणजे टायमिंग बरोबर आहे, पण एखादा व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही. तिसरे म्हणजे यंत्र शाबूत आहे, पण काम करताना एखादी वायर, नळी किंवा गॅस्केट विस्कटले आहे. लक्षणे तिन्हींची जवळजवळ सारखीच असतात, पण मोजमापे मात्र वेगळी येतात, आणि म्हणूनच मोजल्याशिवाय एकही सुटा भाग बदलू देऊ नये असे मी आग्रहाने सांगते.

तिसऱ्या घराण्यापासून सुरुवात करणे सोपे, कारण त्यासाठी काहीही उघडावे लागत नाही. हेड उतरवताना इनटेक मॅनिफोल्ड (सिलिंडरांना हवा पोचवणारा नळ्यांचा भाग) सुटतो, आणि त्याचे जुने गॅस्केट तसेच बसवले किंवा व्हॅक्यूमची एखादी बारीक नळी लावायची राहिली तर बाहेरची हवा आत शिरते, आयडलिंग (उभ्या गाडीत इंजिनाचे सावकाश फिरणे) वरखाली होते आणि स्कॅनरवर मिश्रण पातळ (हवा जास्त, इंधन कमी) असल्याचा पी ०१७१ हा कोड येऊ शकतो. इंजेक्टरच्या सॉकेटांची अदलाबदल होऊ शकते. प्लगच्या वायरींबाबत एक बारकावा आहे. पुष्कळ चार सिलिंडरी गाड्यांत एकच कॉइल पहिल्या-चौथ्या आणि दुसऱ्या-तिसऱ्या सिलिंडरला जोडीने ठिणगी देते. अशा गाडीत पहिली आणि चौथी वायर उलटसुलट झाली तरी काही बिघडत नाही, पण पहिली आणि दुसरी बदलली तर गाडी धडपणे चालत नाही. क्रँक सेन्सरची वायर बेल्टच्या कव्हरजवळून जात असेल तर ती चेपली आहे का पाहावे, कारण इंजिन गरम झाल्यावरच तुटणारा संपर्क थंड गाडीत कधीच सापडत नाही. इंजिनाच्या अर्थिंगची पट्टी घट्ट आहे ना, हेही याच फेरीत पाहून घ्यावे.

सीएनजीच्या गाडीत आणखी एक फुकटची तपासणी हाताशी असते. गाडी मिसिंग करू लागली की पेट्रोलवर न्यावी. सीएनजीच्या मिश्रणात ठिणगी पडायला जास्त व्होल्टेज लागते, त्यामुळे अशक्त कॉइल, चिरलेली वायर किंवा फट वाढलेला प्लग आधी सीएनजीवरच उघडा पडतो. पेट्रोलवर गेल्याबरोबर थरथर थांबली तर ठिणगीकडे किंवा सीएनजीच्या इंजेक्टरकडे पाहावे. दोन्ही इंधनांवर सारखीच राहिली तर दोष यंत्रात असण्याची शक्यता वाढते. माझी गाडी दोन्हींवर थरथरत होती आणि तरीही माझे चारही प्लग आणि कॉइल बदलले गेले. हा प्रश्न तेव्हा मला विचारता आला नाही, ही खंत मनात आहे.

स्कॅनरच्या कोडांविषयी थोडे सांगणे आवश्यक आहे. पी ०३०० म्हणजे मिसिंग एका सिलिंडरला बांधलेले नाही, पी ०३०१ ते पी ०३०४ म्हणजे त्या त्या क्रमांकाचा सिलिंडर. पी ००१६ म्हणजे क्रँक आणि कॅम यांच्या स्थितीत मेळ नाही, आणि बेल्टच्या कामानंतर हा कोड आला तर तो सेन्सरचा दोष मानण्याआधी पुलींवरच्या, बेल्ट चढवताना जुळवायच्या खुणा पाहिल्या पाहिजेत. मात्र एका दात्याच्या फरकाने हा कोड प्रत्येक गाडीत येतोच असे नाही, म्हणून तो नाही याचा अर्थ टायमिंग बरोबर आहे असा घेऊ नये. दिवा नुसता लागलेला असणे आणि तो उघडझाप करणे यांत फरक आहे. उघडझाप म्हणजे न जळलेले इंधन कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (धूर शुद्ध करणाऱ्या भागात) जाऊन जळत आहे आणि तो तापून आतून वितळू शकतो. अशा अवस्थेत पुढच्या रविवारपर्यंत गाडी चालवू नये.

आता मुख्य मापाकडे येते. कॉम्प्रेशन टेस्ट बऱ्याच ठिकाणी होते, पण नीट होत नाही. चारही प्लग काढलेले असावेत, इंधन आणि ठिणगी बंद असावी, बॅटरी पूर्ण भरलेली असावी, अ‍ॅक्सिलरेटर शेवटपर्यंत दाबून ठेवावा आणि प्रत्येक सिलिंडरला गेजची सुई तितक्याच वेळा उसळू द्यावी. निरोगी पेट्रोल इंजिनात साधारण १५० ते २०० पीएसआय (दाबाचे एकक) मिळतात. नेमका आकडा त्या इंजिनाच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये असतो, पण त्याहून महत्त्वाचा असतो तो चौघांमधला फरक, जो दहा-पंधरा टक्क्यांच्या आत असावा.

माझ्या गाडीचे पहिले माप वागळे इस्टेटमधल्या एका वयस्क मिस्त्रींनी घेतले. तोवर गाडी दोनदा पहिल्या गॅरेजला जाऊन आली होती. चार आकडे आले: १३०, १२५, १२५, १३०. मिस्त्रीकाका गेजकडे पाहून म्हणाले, “ताई, चारही भावंडं सारखीच आजारी आहेत. म्हणजे दुखणं घराचं आहे, एकाचं नाही.” त्यांचे म्हणणे अगदी शास्त्रशुद्ध होते. व्हॉल्व्ह वाकला तर एक किंवा दोन सिलिंडर पडतात, चारही एकदम आणि सारखे पडत नाहीत. चारही सारखे कमी असतील तर कॅम मागे राहिला आहे, इनटेक व्हॉल्व्ह उशिरा मिटतो आहे आणि आत घेतलेल्या हवेचा काही भाग दाबला जाण्याआधीच परत बाहेर ढकलला जातो आहे, हे गृहीत धरून आधी तेच तपासावे.

याच गोष्टीला दुजोरा व्हॅक्यूम गेज देते. इनटेक मॅनिफोल्डच्या एखाद्या नळीला ते जोडायचे आणि गरम इंजिन आयडलिंगला ठेवायचे. समुद्रसपाटीला निरोगी इंजिन पाऱ्याचे १७ ते २२ इंच दाखवते, आणि ठाणे-नवी मुंबई समुद्रसपाटीलाच असल्याने हे आकडे इथे तसेच लागू पडतात. सुई स्थिर, पण खाली असेल तर टायमिंग मागे असल्याचा संशय घ्यावा. सुई ठरावीक लयीत खाली झटका घेत असेल तर एखादा व्हॉल्व्ह मिटत नाही असे समजावे. माझी सुई १४ वर स्थिर होती. कव्हर उघडल्यावर कॅमची खूण एक दाता मागे सापडली.

एक दाता ऐकायला किरकोळ वाटतो. क्रँकच्या पुलीला २० दाते असतील तर एक दाता म्हणजे क्रँकचे १८ अंश, आणि एवढ्या फरकाने गाडी चालू होते, चालतेही, पण खालच्या आरपीएमला तिच्यात जीव राहत नाही. ही चूक कशी होते तेही समजून घ्यावे. खुणा जुळवून बेल्ट चढवताना क्रँक आणि कॅम यांच्यामधली ओढीची बाजू, म्हणजे जिथे टेन्शनर नसतो ती बाजू, आधी ताठ असावी लागते. तिथे सैलपणा राहिला तर टेन्शनर सोडल्यावर आणि क्रँक फिरल्यावर आधी तो सैलपणा संपतो, मग कॅम हलतो, आणि तो तेवढा मागे पडतो. म्हणूनच बेल्ट बसवल्यावर क्रँक पान्याने, हाताने, सुलट दिशेने पूर्ण दोन फेरे फिरवून खुणा पुन्हा पाहण्याची पद्धत आहे. या दोन फेऱ्यांत कुठे कडक अडथळा लागला तर जोर लावू नये, कारण पिस्टन व्हॉल्व्हला टेकत असू शकतो. आपल्या गाडीचे काम झाले असेल तर हे दोन फेरे फिरवले होते का, एवढे तरी जरूर विचारावे.

खुणा कुठल्या पाहायच्या, यातही एक सापळा आहे. अनेक गाड्यांत क्रँकच्या बाहेरच्या पुलीवर खूण असते, पण ती पुली दोन कड्यांची असते आणि त्यांच्यामध्ये रबर असते. ते रबर जुने होऊन सुटले की बाहेरचे कडे सरकते आणि त्याच्यासोबत खूणही सरकते. मग मिस्त्री प्रामाणिकपणे खूण जुळवतो आणि टायमिंग चुकते. बेल्टच्या कामासाठी आतल्या दातेरी पुलीवरची आणि इंजिनाच्या अंगावरची खूण पाहावी, आणि संशय असेल तर पहिल्या प्लगच्या छिद्रातून पातळ काडी सोडून पिस्टन खरोखर सर्वांत वर आहे का हे पडताळावे. क्रँकच्या पुढच्या बोल्टकडेही लक्ष द्यावे. तो ठरवून दिलेल्या टॉर्कने आवळला नाही तर दातेरी पुली हलते, तिला धरणारी बारीक चावी आणि तिची खाच झिजते, आणि बरोबर बसवलेले टायमिंग काही आठवड्यांत आपोआप बिघडते. “दोन वेळा टायमिंग जुळवले, तरी पुन्हा सरकते” अशी तक्रार असेल तर नवा बेल्ट घेण्याआधी ही चावी काढून पाहावी.

माझ्या गाडीचे टायमिंग जुळवल्यावर आकडे १७०, १६५, १६०, १७० आले आणि व्हॅक्यूम १९ वर गेले. पिकअप परतला, मुंब्रा बायपासचा चढ ती पूर्वीसारखी चढली आणि मी समाधानाने घरी आले. तीन आठवड्यांनी, सीएनजीच्या रांगेत पंचवीस मिनिटे उभी राहिल्यावर, ती पुन्हा थरथरू लागली. या वेळी कोड होता पी ०३०३.

दुसरा दोष निराळ्या स्वभावाचा होता. सकाळी थंड गाडी अगदी मऊ चालायची, पाम बीच रोडवर वेगात असताना काहीच जाणवायचे नाही, आणि इंजिन पुरते तापून आयडलिंगला आले की तिसरा सिलिंडर अधूनमधून सुटायचा. थंडीत नाही, वेगात नाही, फक्त गरम आणि सावकाश: हे वर्णन ऐकले की आधी टॅपेटची फट, म्हणजे व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणारा भाग यांच्यामधली जागा, आठवावी. व्हॉल्व्ह तापला की लांब होतो आणि त्याला लांबायला जागा मिळावी म्हणून थंड असताना थोडी फट ठेवलेली असते. ती फट कमी असेल तर गरम झालेला व्हॉल्व्ह सीटवर पूर्ण टेकतच नाही आणि दाब निसटतो. वेगात असताना प्रत्येक फेऱ्याला निसटायला वेळच कमी मिळतो, म्हणून गाडी तिथे बरी वाटते. ज्या इंजिनांत हायड्रॉलिक टॅपेट असतात तिथे ही फट हाताने लावायची नसते, पण माझ्या इंजिनात ती स्क्रूने लावतात.

हेडच्या कामानंतर फट का कमी होते, हे मला या निमित्ताने कळले आणि सर्वांना माहीत असायला हवे असे वाटते. सीट कापली किंवा व्हॉल्व्ह घासला की तो हेडमध्ये किंचित आत बसतो. तो जेवढा आत जातो तेवढी त्याची दांडी दुसऱ्या बाजूने वर निघते आणि टॅपेटची फट तेवढीच खाते. शिवाय ताज्या सीटवर व्हॉल्व्ह पहिल्या काही शे किलोमीटरांत आणखी थोडा बसतो. म्हणून बांधताना लावलेली फट साधारण हजार किलोमीटरनंतर पुन्हा मोजायला हवी. सीएनजीवर ही काळजी दुप्पट घ्यावी, कारण गॅस कोरडा असतो, एक्झॉस्टच्या (धूर बाहेर सोडणाऱ्या व्हॉल्व्हच्या) सीटची झीज जास्त होते आणि फट हळूहळू कमीच होत जाते. कंपनीतून सीएनजीसह येणाऱ्या अनेक गाड्यांत यासाठी अधिक कठीण सीट वापरतात, नंतर किट बसवलेल्या गाडीत तसे गृहीत धरता येत नाही.

मागच्या खेपेला हा दोष का निसटला, तर मापे सकाळी थंड इंजिनावर घेतली होती म्हणून. या वेळी काकांनी माझ्याकडून गाडी तीन हात नाक्यापर्यंत फिरवून आणवली आणि हात भाजत असताना प्लग काढले. तिसरा सिलिंडर थेट १६० वरून ११० वर आलेला होता, बाकीचे जागेवर होते. लक्षण ज्या अवस्थेत दिसते त्याच अवस्थेत माप घेतले नाही तर माप काहीच सांगत नाही. मी रबाळ्याला एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत हेच नियमाने करते, पण गाडीच्या बाबतीत ते मला सुचले नाही.

त्यानंतर तिसऱ्या सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल टाकून पुन्हा मोजले. तेलाने आकडा चढला असता तर दोष पिस्टनच्या कडेने दाब धरणाऱ्या रिंगांचा ठरला असता. तो चढला नाही, म्हणजे गळती व्हॉल्व्हची. मग पिस्टन कॉम्प्रेशनच्या फेरीत सर्वांत वर आणून प्लगच्या छिद्रातून कॉम्प्रेसरची हवा सोडली. ही तपासणी मला सर्वांत आवडली, कारण तिच्यात दोष स्वतः बोलतो. थ्रॉटल बॉडीतून फुसफुस आली तर इनटेक व्हॉल्व्ह, सायलेन्सरमधून आली तर एक्झॉस्ट, तेल भरायच्या तोंडातून आली तर रिंगा, आणि रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर हेड गॅस्केट. शेजारशेजारचे दोन सिलिंडर एकदम कमी असतील आणि एकाची हवा दुसऱ्याच्या प्लगमधून येत असेल तर गॅस्केट त्या दोघांच्या मधल्या पट्टीत फुटले आहे असे समजावे. माझ्या गाडीत आवाज सायलेन्सरमधून आला. थंड झाल्यावर तिसऱ्याच्या एक्झॉस्टच्या टॅपेटमध्ये फीलर गेजची (फट मोजायच्या पात्यांच्या साधनाची) सर्वांत पातळ पातीही शिरेना. मॅन्युअलनुसार तिथे ०.२५ मिलिमीटर फट हवी होती.

फट लावली आणि गाडी लगेच शांत झाली. काका मात्र खूश नव्हते. त्यांनी वहीत आकडा लिहून ठेवला आणि सांगितले, “पंधरा-वीस दिवसांनी परत आणा. फट टिकली तर संपलं, नाही टिकली तर हेड उतरवावं लागेल.” अठराव्या दिवशी ती ०.१० वर आली होती. इतर सातांची फट मात्र जशीच्या तशी होती, म्हणजे सीएनजीला दोष देऊन भागणार नव्हते, कारण गॅस चारही सिलिंडरांत सारखाच जातो. फट पुन्हा पुन्हा लावून गाडी चालवत राहणे हा मार्ग इथे चुकीचा ठरतो. न मिटणारा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह सीटला उष्णता देऊ शकत नाही, त्याची कड जळते आणि एक दिवस तो तुकडा सोडतो.

हेड उतरवल्यावर कारण उघड्यावर दिसले. त्या सिलिंडरचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह नवा होता, पण त्याचे गाइड, म्हणजे त्याची दांडी ज्यातून सरकते ती नळी, जुनेच होते. वाकलेली दांडी बाहेर काढताना ती गाइडमधून ठोकून काढली गेली असावी, कारण गाइडचे छिद्र खालच्या तोंडाशी लांबट झाले होते आणि त्यात व्हॉल्व्ह बोटाने हलवला तर डुलत होता. सीट कापायच्या हत्याराचा मधला दांडा गाइडमध्येच बसतो, गाइड हाच त्याचा मध्य असतो. गाइड बिघडलेले असताना सीट कापली की ती एका बाजूला सरकून कापली जाते आणि व्हॉल्व्ह सीटच्या अर्ध्याच कडेवर टेकतो. ती अर्धी कड भराभर झिजते, व्हॉल्व्ह आत जातो, फट संपते. पहिल्या गॅरेजने व्हॉल्व्ह बदलला, काम तिथेच थांबवले, आणि दोष त्याच्या खाली राहिला.

या कामाचा योग्य क्रम पुढीलप्रमाणे आहे आणि तो उलटा करता येत नाही: आधी नवे गाइड दाबून बसवून त्याचे छिद्र रीमरने मापात आणणे, नंतर त्या गाइडला मध्य धरून सीट कापणे, नंतर व्हॉल्व्ह घासणे आणि शेवटी निळा रंग लावून तो सीटवर सगळीकडून सारखा टेकतो का पाहणे. उरलेले जुने व्हॉल्व्हही केवळ डोळ्यांनी न पाहता लेथवर फिरवून डायल गेजने तपासून घेतले. त्यांतला एक इनटेक सूक्ष्म वाकलेला निघाला, तोही बदलला. हेड बांधून झाल्यावर ते उलटे ठेवून, प्लग बसवून, प्रत्येक खळग्यात पेट्रोल ओतले आणि पोर्टमध्ये ओल येते का हे पंधरा मिनिटे पाहिले. ही तपासणी करायला एक रुपया लागत नाही. आपले हेड गॅरेजमध्ये तयार होऊन पडले असेल तर ते चढवण्याआधी आपल्यासमोर हे करून दाखवा, असे निःसंकोच सांगावे. पिस्टनच्या माथ्यावर व्हॉल्व्हचे लहान व्रण असतील तर घाबरण्याचे कारण नसते, भेग किंवा छिद्र असेल तर पिस्टन बदलणे भाग असते.

हेड परत बसवताना गॅस्केट नवे हवेच. अनेक इंजिनांचे हेडचे बोल्ट ताणून बसणारे असतात आणि ते एकदाच वापरायचे असतात, त्यांना मधून कडेकडे, टप्प्याटप्प्याने, टॉर्क पान्याने आणि शेवटी ठरावीक अंशांनी आवळायचे असते. डिझेल गाड्यांच्या मालकांनी आणखी एक गोष्ट धरावी: त्यांच्या इंजिनात व्हॉल्व्ह आणि पिस्टन यांच्यातली जागा फारच कमी असते, म्हणून बेल्ट तुटल्यावर रॉकर आणि कनेक्टिंग रॉडही तपासावेत. चारही पिस्टन सर्वांत वर असतानाची उंची मोजली की वाकलेला रॉड कमी उंचीवरून ओळखू येतो.

इतके सारे निस्तरूनही पिकअप कमी वाटत असेल, तर महिनोन्महिने मिसिंग सहन केलेला कन्व्हर्टर चोंदला आहे का ते पाहावे. व्हॅक्यूम गेज लावून २,५०० आरपीएमला इंजिन धरून ठेवले आणि सुई हळूहळू खाली उतरत गेली तर धुराची वाट अडलेली आहे. माझ्या गाडीत ती उतरली नाही.

गाडी बांधल्यापासून ४,००० किलोमीटर झाले आहेत. पहिल्या हजारानंतर फट मोजली, तिसऱ्या हजारानंतर पुन्हा मोजली. तिसऱ्या सिलिंडरच्या एक्झॉस्टला बांधताना ०.२५ होती, हजारानंतर ०.२४ झाली आणि तीन हजारांनंतरही ०.२४ च आहे. गरम इंजिनावर चौघांचे आकडे १७० ते १७५ च्या दरम्यान आहेत. कॅमच्या टोकाचे नवे सील कोरडे आहे, हे पाहण्यासाठी बेल्टच्या कव्हरचा वरचा अर्धा भाग प्रत्येक ऑइल बदलाच्या वेळी उघडायला सांगितले आहे, आणि बेल्ट बसवल्याची तारीख व किलोमीटर पांढऱ्या रंगाने त्याच कव्हरवर लिहून घेतले आहेत.